कुर्डू आणि कंडेन्सर

बुधवार, रात्री

सकाळी आमचा काचकामाचा सेक्शन उघडायच्या आधीच पीएचडीची एक मुलगी दारात उभी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुटका कंडेन्सर, वाफ थंड करायची काचेची दुहेरी नळी. "काका, शुक्रवारपर्यंत होईल ना? सगळं काम अडलंय." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आत काय होतं गं?" सॉल्व्हंटचा वास असलेली नळी मी ज्योतीजवळ नेत नाही, गाइडची चिठ्ठी आणली तरी. शिवाय जॉइंटला सिलिकॉन ग्रीस फासलेलं. ते जळलं की काचेवर पांढरा डाग बसतो आणि मग काही केल्या जात नाही. धुऊन-वाळवून आण म्हटलं. तोंड पाडून गेली, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत लखलखीत करून घेऊन आली.

तुटलं होतं नेमकं रिंग सीलला, म्हणजे आतली नळी बाहेरच्या नळीतून आरपार निघते तिथे. आमच्या कामातली ही सगळ्यात नाठाळ जागा. आतली काच आडोशाला असते, तिला ज्योत उशिरा लागते. बाहेरची तोवर ढिली पडायला लागते. दोन्ही हात एकाच वेगाने फिरवत राहायचं, फुंकायची रबरी नळी दातांत. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा, नाहीतर तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झळाळीत सांधा दिसतच नाही. काच मऊ होऊन कडा एकमेकींत बसल्या की ज्योतीबाहेर काढून फुंकायचं. गाल फुगवून नव्हे. श्वास सोडताना नकळत जाते तेवढीच हवा. जिथे काच पातळ होते तिथे ती लवकर निवते आणि फुगायची थांबते, म्हणून थोडा धीर धरला तर भिंत आपोआप सारखी येते. मग मऊ ज्योतीत शेकून ओव्हनमध्ये, ५६५ अंशांवर. तिथून सावकाश निववायचं. उद्या पोलारिस्कोपखाली धरीन. ताण उरला असेल तर तिथे उजेडाचे पट्टे दिसतात.

संध्याकाळी घरी, शेडमध्ये. इथे छोटा टॉर्च आहे, घरगुती गॅस आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर चालणारा. दिवाळीपासून काचेचं कुर्डू करायच्या मागे लागलोय. शेताच्या बांधावर उगवतं ते, पांढरा तुरा आणि शेंड्याला गुलाबी. एका तुऱ्यात बारीक टोकदार पाकळ्या खच्चून भरलेल्या. पाकळी ओढून काढायला वेळ लागत नाही. त्रास पुढे होतो. वरची पाकळी चिकटवेपर्यंत खालच्या गार होतात आणि मग सगळी काडी टचकन जाते. म्हणून मधूनमधून सगळा तुरा ज्योतीवरून फिरवून ऊब द्यावी लागते, आणि तेवढ्यात टोकं गोल होऊन बसतात. काचेला मोकळं सोडलं की ती गोल व्हायलाच निघते, पृष्ठताणच तसा. दिवसभर हाच स्वभाव माझ्या कामी येतो: सांधा विरघळतो, कडा मऊ होते. रात्री तोच आडवा येतो. टोकदार कुर्डू करायला बसतो आणि हातात येतो साबुदाणा.

ड्रेस्डेनजवळच्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी १८८७ ते १९३६ या काळात काचेच्या वनस्पती केल्या, चार हजारांच्या वर. लिओपोल्ड १८९५ साली गेला, पुढे रुडॉल्फने एकट्याने चालवलं. त्यांच्याकडे आजचे टॉर्च नव्हते. दिव्याची ज्योत आणि भात्याची हवा. फोटोतल्या गवतांची टोकं बघितली की मला कौतुकाआधी चीड येते.

पाहुणे येतात ते शेडमधलं बघून "वा, कला!" म्हणतात. कंडेन्सरला कोणी वा म्हणत नाही. मला हे अजिबात पटत नाही. चांगल्या रिंग सीलमध्ये करणाऱ्याचा हात दिसता कामा नये, आणि हात लपवायला जे लागतं ते कुर्डूला लागणाऱ्या कसबापेक्षा तसूभरही कमी नाही. उलट कुर्डूची पाकळी जरा वाकडी गेली तर निसर्गात असंच असतं म्हणून खपते.

परवा भाचा म्हणाला, "मामा, मोठ्या भट्टीवर का नाही काम करत?" १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या म्युझियममध्ये हार्वी लिटलटनने छोटी भट्टी लावून दाखवली आणि काच कारखान्याबाहेर, एकेकट्या कलाकाराच्या हाती येऊ लागली, हे खरं. आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा कारखाना १९०८चा, ओगलेवाडीचा १९१६चा. ओगल्यांचा प्रभाकर कंदील आजोळी मी स्वतः पुसलेला आहे. पण वितळभट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. तिचं बिल कोण भरणार, भाचा?

आज एक सुचलंय. पाकळ्या टॉर्चवर एकेक चिकटवण्याऐवजी पाच-सहांचे झुपके आधी करायचे, ते ओव्हनमध्ये गरम ठेवायचे आणि बारीक सुईसारख्या ज्योतीने नुसतं बूड काडीला लावायचं. टोकांना आच लागायचं कारणच उरत नाही. रविवारी बघतो. त्याआधी सेक्शनमधले बी-चोवीस मापाचे जॉइंट संपत आलेत, उद्या स्टोअरला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, द्यायला हवा.