बाईंनी विचारलेलं 'कोणी?'

शाळेला 50 वर्षं झाली, स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला आधी आठवली ती नववीतली पत्रलेखनाची वही.

गल्लीतले दिवे बंद आहेत म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा होता. मी गाईडातलं पाठ केलेलं उतरवलं, 'सदर रस्त्यावरील दिवे बंद अवस्थेत असल्याचे निदर्शनास आले असून त्याबाबत उचित कार्यवाही करण्यात यावी', आणि वाटलं भारी झालंय. बाईंनी मार्कच दिले नाहीत. 'निदर्शनास आले'खाली लाल शाईत लिहिलं, कोणाच्या? 'करण्यात यावी'खाली, कोणी? आणि म्हणाल्या, "दिवे किती बंद आहेत माहितीये का तुला? जा, मोजून ये."

संध्याकाळी खरंच गेलो. 11 खांब, 4 बंद, आणि खांबांवर रंगानं नंबर टाकलेले असतात हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आमच्या गल्लीतल्या 7, 8, 9 आणि 11 नंबरच्या खांबांवरचे दिवे दिवाळीपासून बंद आहेत. ग्रामपंचायतीने ते दुरुस्त करावेत, ही विनंती.' बाईंनी तेच फुलस्केपवर लिहायला लावलं, गल्लीतल्यांच्या सह्या घ्यायला लावल्या आणि अर्ज पाठवला. वायरमन आला तो थेट 7 नंबरला शिडी लावून उभा!

पुढे मी सरकारी ऑफिसात क्लार्क झालो. राजभाषा अधिनियम 1964 चा, कारभार मराठीत आणायला पदनाम कोश, शासन व्यवहार कोश असं केवढं काम लोकांनी करून ठेवलंय, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, 'अधिसूचना', 'कार्यवाही' हे शब्द लागतातच. आणि शब्द अवघड असला तर माणूस कोणालातरी विचारून घेतो, पण वाक्यातला कर्ताच गायब असेल तर त्यानं जायचं कोणाकडे?

एकदा एक आजी निराधार योजनेचं पत्र घेऊन आल्या, घड्या घालून घालून कागद मऊ पडलेला. 'प्रस्तावात त्रुटी आढळून आल्याने पूर्ततेअभावी परत करण्यात येत आहे.' एवढंच. तीन चकरा झालेल्या त्यांच्या. फाईल काढली तर फक्त उत्पन्नाचा दाखला जुना होता, बाकी सगळं बरोबर. मला फार वाईट वाटलं हो. मी नवीन मसुदा केला, 'तुमचा उत्पन्नाचा दाखला जुना आहे. नवीन काढून 15 तारखेपर्यंत आमच्या कार्यालयात द्या.' साहेब म्हणाले भाषा सरकारी वाटत नाही, पण सही केली. आजी 10 तारखेलाच दाखला घेऊन हजर.

आता रविवारी गावी गेलो की लोक माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन येतात. आपल्या राज्यात 2012 पासून तो अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत लिहायचा असतो, आणि येताना आणतात तीन-तीन पानं, त्यात सगळा राग. मागच्या महिन्यात एक काका रस्त्याच्या कामाचा अर्ज घेऊन आले. म्हटलं काका, आधी रस्त्यावरच्या बोर्डवरचं कामाचं नाव आणि वर्ष लिहून आणा, मग बसू. तासाभरानं आले, तळहातावर पेननं लिहून. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीची, प्रत मागितली, अर्ज 62 शब्दांत बसला.