बंपर उतरवावा की नाही

आमच्याकडे 1959 सालचा एक फार्गो ट्रक आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो हे ट्रक तयार होत असत, त्यांपैकीच हा एक. आजोबांनी तो नवा घेतला आणि मुंबईत जहाजे फोडली जातात त्या दारूखाना भागातून लोखंड भरून पुण्या-नाशिकपर्यंत चालवला. कित्येक वर्षे शेडमध्ये उभी राहिलेली ही गाडी या हिवाळ्यात दुरुस्तीला काढली, तेव्हा इंजिन, लाकडी हौदा आणि वायरिंग या मोठ्या कामांचे निर्णय चटकन झाले. अडलो ते पुढच्या बंपरपाशी.

हा बंपर कंपनीचा नाही. मूळचा, पत्रा दाबून घडवलेला गोलसर बंपर 1967 च्या पावसाळ्यात बोरघाटात पुढच्या ट्रकला धडकून दुमडला. त्या वेळी नवा मागवण्यात वेळ घालवण्याऐवजी आजोबांनी दारूखान्यात फोडलेल्या जहाजाचे सहा इंची लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीसारखी जाड पट्टी, विकत घेतले, त्याची टोके तिरपी कापून घेतली आणि ते चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पुढच्या दोन्ही टोकांना वेल्ड करून टाकले. त्यावर पुढे पिवळ्या रंगाचे थर चढत गेले आणि मधोमध आमच्या कुलदैवताचे नाव आले. माझ्या लहानपणच्या आठवणीत या गाडीचा चेहरा म्हणजे हे चॅनेलच आहे.

गॅरेजच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले, ‘‘दादा, हे काढून टाका. पुढचं वजन कमी होईल आणि जाळी मोकळी दिसेल.’’ वजनाचा मुद्दा मला पटला नाही. सहा इंची चॅनेल मीटरला साधारण 16 किलो भरते, म्हणजे आमचे दोन मीटरचे चॅनेल 33 किलोंच्या आसपास असेल. ज्या पाट्यांनी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांनी, टनावारी लोखंड वाहिले, त्यांना हा भार जाणवणार नाही. जाळी मोकळी दिसेल हे मात्र खरे होते. आजोबांनी गाडी घेतली त्या दिवशीचे छायाचित्र आमच्याकडे आहे, त्यात तिचा पुढचा भाग कितीतरी हलका आणि देखणा दिसतो.

तरीही बंपरविना गाडी रस्त्यावर आणायची नाही, एवढे मी आधीच ठरवले होते, आणि त्यामागे शोभेचा संबंध नाही. या बांधणीच्या ट्रकमध्ये पुढच्या पाट्यांचे पुढचे टोक चासीच्या टोकाजवळच अडकवलेले असते. बंपर नसेल तर समोरून बसणारा लहानसा धक्काही थेट तिथे पोहोचतो, आणि पाट्याची बैठक सरकली की पुढचा अ‍ॅक्सल तिरका होतो. शिवाय उघडी पडलेली चासीची दोन टोके ही पादचाऱ्याच्या दृष्टीने पुढे आलेल्या दोन लोखंडी खुंट्याच आहेत. कुर्ल्याच्या गर्दीत तशी गाडी चालवणे मला मान्य नाही.

चॅनेलच्या विरोधातही तितकेच सबळ म्हणणे आहे. पत्र्याचा बंपर धडकेत स्वतः वाकतो आणि थोडा आघात पोटात घेतो, तर चॅनेल वाकत नाही, ते सगळा आघात चासीकडे ढकलते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने वाहनांपुढे लावल्या जाणाऱ्या क्रॅश गार्डविरुद्ध (जादा लोखंडी दांड्यांविरुद्ध) राज्यांना याच कलमाचा आधार देऊन कळवले होते. आमचे चॅनेल हे बंपरवर जोडलेले गार्ड नसून बंपरच्या जागी बसवलेला बंपर आहे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण तो फरक आरटीओच्या अधिकाऱ्याला समजावून सांगण्याची जबाबदारी माझीच राहील, हेही मी जाणतो.

मूळ बंपर मिळाला असता तर कदाचित प्रश्नच सुटला असता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगार बाजारात आणि चोर बाजारात मिळून मी चार रविवार घालवले, तेव्हा मोटारींचे क्रोमचे बंपर बरेच दिसले, या ट्रकचा एकही नाही. छायाचित्रावरून नवा घडवून देण्याची एका पत्रेवाल्यांची तयारी होती. बाबांना ते विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, तो फोटोतला बंपर आठ वर्षं होता. हे लोखंड त्यानंतर सगळी वर्षं आहे.’’ या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी मूळ रूपात ठेवायची असे आपण सहज म्हणतो. पण पोट भरण्यासाठी राबलेल्या गाडीचे मूळ रूप कारखान्याच्या दारात संपते असे मला आता वाटत नाही.

शेवटी निर्णय झाला तो वेल्डिंगमुळे. चॅनेल आणि चासी यांच्या फटीत इतक्या पावसाळ्यांचे पाणी मुरले होते आणि रंग खरवडल्यावर डाव्या बाजूला वेल्डच्या कडेने एक बारीक काळी रेघ दिसली. तड्यात मुरणारे लाल रंगाचे डाय पेनिट्रंट लावून, पुसून, त्यावर ते बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला, तेव्हा ती रेघ दोन इंच लांब उमटली. चासीच्या दांडीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग करू नये असे जाणते मिस्त्री सांगतात ते यासाठीच: वेल्डच्या उष्णतेने शेजारचे पोलाद कडक आणि ठिसूळ होते, आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिथूनच तडा जातो. म्हणजे आजोबांच्या चॅनेलचा दोष नव्हता, ते जोडण्याच्या पद्धतीचा होता.

त्यामुळे चॅनेल उतरवायचे, आणि पुन्हा लावायचे, असे ठरले आहे. उतरवताना गॅस कटर वापरायचा नाही, कारण चासीला विनाकारण पुन्हा उष्णता द्यायची नाही. ग्राइंडरने वेल्ड घासत जायचे, मग त्याला दोन दिवस लागले तरी चालतील. तड्याच्या टोकाला छिद्र पाडून तो पुढे सरकणे थांबवायचे, तडा खोदून भरायचा, आतल्या बाजूने गंज रोखणारे रेडऑक्साइड द्यायचे. दांडीच्या उभ्या बाजूवर मूळ बंपरच्या ब्रॅकेटची छिद्रे अजून शाबूत आहेत, त्यांतच जाड पट्टीचे ब्रॅकेट बसवून चॅनेल नट-बोल्टने आवळायचे, म्हणजे पुढे कोणाला ते काढून पाहावेसे वाटले तर पान्याने काढता येईल.

एक काळजी मात्र उरली आहे. या गाडीचे इंजिन हँडल मारून सुरू करता येते, आणि हँडल आत जावे म्हणून आजोबांनी चॅनेलच्या मधोमध गॅसने एक ओबडधोबड भोक कापून घेतले होते. नव्या ब्रॅकेटवर चॅनेल बोटभर जरी वरखाली झाले तरी हँडल क्रँकच्या तोंडाशी सरळ बसणार नाही. म्हणून काल ग्राइंडर सुरू करण्याआधी मिस्त्रींनी हँडल भोकातून आत घालून तसेच ठेवले, त्याला टेकवून एक लाकडी फळी कापली आणि तिच्यावर खडूने चॅनेलच्या वरच्या व खालच्या कडेच्या रेघा ओढल्या. ती फळी मी घरी आणून कपाटावर ठेवली आहे.