भाचीची पहिली बॅट

जूनमध्ये भाची पहिल्यांदा आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत माझ्याकडे टेबल टेनिस शिकायला आली. वय दहा. हातात भाऊजींनी घेऊन दिलेली कोरी करकरीत कार्बनची बॅट. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "एकदाच भारी घ्या, मग पाच वर्षं बघायला नको."

मी तिच्या फोरहँडला सोपे, सरळ बॉल देत होते. दहातले सात थेट मागच्या भिंतीवर. थोड्या वेळाने तिने हात फिरवणंच सोडून दिलं. बॅट नुसती बॉलसमोर धरायला लागली, कारण तसं केलं की बॉल टेबलावर पडायचा. मला ते बघून फार वाईट वाटलं. वेगवान बॅट मुलांना हीच सवय लावते: हात आखडायची. आणि एकदा हाताला लागलेलं वळण सुटता सुटत नाही.

मी माझी जुनी बॅट तिच्या हातात दिली. पाच थरांची, निव्वळ लाकडाची. चार-पाच बॉल मारले आणि म्हणाली, "मावशी, हिच्यात बॉल हाताला कळतो."

अगदी बरोबर बोलली पोरगी. नियमानुसार ब्लेडच्या, म्हणजे रबराखालच्या फळीच्या, जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड असावंच लागतं, म्हणजे कार्बनची बॅटसुद्धा मुख्यतः लाकडाचीच. पण आतले कार्बनचे दोन पातळ थर तिला कडक करतात आणि बॉल लागल्या लागल्या सुटतो. साधं लाकूड किंचित लवतं. त्यामुळे बॉल कुठे लागला, नीट घासला गेला की नुसताच आदळला, हे तळहाताला समजतं. शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

भाऊजींना फोन केला. थोडे हिरमुसले, पण ऐकलं. रविवारी आम्ही तिघं जाऊन साधं 'ऑलराउंड' ब्लेड घेतलं, ऐंशी ग्रॅमच्या आसपासचं. दोन रबरं चढली की वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि दहा वर्षांच्या मनगटाला ते जाणवतं. मूठ खाली पसरट होत जाणारी, म्हणजे घामेजल्या हातातून निसटत नाही. रबर दोन्ही बाजूंना यासाका कंपनीचं मार्क व्ही, त्याखालचा स्पंज १.८ मिलिमीटर. हे रबर १९६९ पासून बाजारात आहे, मी स्वतः त्याच्यावरच टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढे फिरकी द्यायला, शिकले. जाड स्पंज मुद्दाम टाळला.

दुकानात एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लावा, मनिका बत्रा तेच वापरते ना! खरं आहे, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्ण जिंकलं ते तसंच रबर लावून. पण स्वतःची स्पिन काढता यायच्या आधी पिंपल्स लावले तर बॅकहँड शिकायचा राहूनच जातो. मी स्पष्ट नाही म्हटलं.

भाचीला गुलाबी रबर हवं होतं. एका बाजूला काळं हवंच, पण दुसरीकडे २०२१ पासून लालखेरीज गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. दुकानात मात्र लालच होतं.

रबर आम्ही घरी, जेवणाच्या टेबलावर चिकटवलं. पाण्याचा ग्लू लावताना दुधासारखा पांढरा असतो. पारदर्शक झाला की वाळला समजायचं. बाहेर पाऊस, हवा दमट, त्यामुळे पंखा फुल्ल करूनही बराच वेळ लागला. भाची गाल टेबलाला टेकवून, तिरकं बघत शेवटचा पांढरा ठिपका नाहीसा व्हायची वाट बघत बसली होती. मग रबर मुठीकडून पुढे हळूहळू टेकवत नेलं आणि वरून पोळ्यांचं लाटणं फिरवलं, दाब न देता.

ठाण्याच्या पावसाळ्यात रबराला ओल धरते आणि बॉल घसरतो. म्हणून बॅगेत एक स्वच्छ सुती फडकं ठेवायला लावलंय. खेळून झालं की ओल्या स्पंजने पुसायचं, सुकू द्यायचं, वर प्लास्टिकची फिल्म लावायची.

सरावासाठी डझनभर स्वस्त बॉल घेतले. माझ्या ड्रॉवरमध्ये जुना सेल्युलॉइडचा एक फुटका बॉल होता, तोही तिला दाखवला. २०१४ नंतर प्लास्टिकचे आले. फुटलेल्या कडेला नाक लावून म्हणाली, "देवघरासारखा वास येतो." कापूरच असतो त्यात!

कार्बनची बॅट ताईच्या कपाटात वरच्या खणात आहे. सलग शंभर फोरहँड बसले की काढायची, असं ठरलंय. काल बेचाळीसवर चुकली.