अखेर हँडल बदललं

दोन वर्षं माझ्या फिक्स्ड गिअर सायकलला (चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच) ट्रॅकचं ड्रॉप, म्हणजे खाली वळलेलं हँडल होतं. देखणं, पण ते व्हेलोड्रोमसाठी (सायकल शर्यतींचा ट्रॅक), जिथे रिक्षा आडवी येत नाही. परवा ठाण्यात गोखले रोडवर उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. माझी मान खाली, हात खाली, ब्रेकचा लिव्हर बोटांपासून लांब. थोडक्यात वाचलो.

आज रायझर, म्हणजे टोकांकडे वर उचललेलं हँडल बसवलं. स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) २५.४ मिमीचा, म्हणून हँडलही त्याच मापाचं शोधलं. पकडीची जागा २२.२ मिमी, तेव्हा ब्रेक लिव्हरही एमटीबीचा (माउंटन बाइकचा) घ्यावा लागला. बुलहॉर्नचा, म्हणजे शिंगांसारख्या पुढे आलेल्या हँडलचा मोह झाला होता, पण तलावपाळीच्या गर्दीत ती शिंगं कुणाच्या पाठीला लागली तर?

नव्या हँडलची ६८० मिमी रुंदी रिक्षांच्या फटीतून जाणार नव्हती. खांदे मोजले आणि दोन्हीकडून ६-६ सेंमी करवतीने कापले. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा अजून गॅलरीत चमकतोय.

संध्याकाळी तीन हात नाक्यापर्यंत जाऊन आलो. फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) नसल्यामुळे वेग कमी करायला पेडलवर उलटा जोर द्यावा लागतो, तेव्हा हँडल घट्ट ओढून धरावं लागतं. आज खांदे जागचे हलले नाहीत. मान वर होती, समोरच्या बसच्या पलीकडचा सिग्नलसुद्धा दिसला. खूप बरं वाटलं.