पायाला सुई टोचली, पण दुखलं नाही

बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात भातपेरणी चालली होती. चपलेत खडा गेलेला, आणि मी दिवसभर तसाच हिंडलो. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, फरशीवर हे रक्ताचे ठसे कुणाचे?" माझेच होते. चौदा वर्षांची शुगर, तळपाय कधी बधिर झाला ते कळलंच नव्हतं.

अंगठ्याच्या बुडातली ती जखम सात महिने भरली नाही. हळद झाली, मलमं झाली. एका दवाखान्यात तर रोज पट्टी बदलून पैसे घेतले, पण "पायावर वजन टाकू नका" एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी जावयानं बेळगावला नेलं. तिथं पीआरपीचं नाव पहिल्यांदा ऐकलं : आपलंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट्स जखमेच्या कडेला टोचायच्या. मला वाटलं, आज गेलो की आजच इंजेक्शन. कसलं काय! तीन आठवडे नुसत्या तयारीत गेले. १० ग्रॅमचा नायलॉन धागा तळव्याला टेकवून "कळतंय का?" विचारलं, मला एकाही जागी कळलं नाही. हाडापर्यंत जंतू पोचलेत का म्हणून एक्स-रे, रक्त पायापर्यंत येतंय का म्हणून डॉप्लर. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी (HbA1c) १०.४ टक्के निघाली, इन्सुलिन सुरू झालं. मेलेली कातडी आणि कडेचा घट्टा ब्लेडनं खरवडला. पू असेपर्यंत टोचायचं नाही, हे डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं.

शिवाय जखमेवर वजन पडू नये म्हणून गुडघ्याखाली प्लास्टर. शिवारात मसूर काढायला आलेला आणि मी कॉटवर! दर आठवड्याला प्लास्टर कापायचं, जखम मोजायची, पीआरपी द्यायची, नवं प्लास्टर घालायचं.

संमतीपत्र कन्नडमध्ये होतं. बोलण्यापुरतं कन्नड येतं, पण कागदावरचं काही झेपेना. सिस्टरना वाचून दाखवायला लावलं, मगच सही केली. दंडातून २० मिली रक्त काढलं, मशीनमध्ये दोनदा फिरवलं. पहिल्या फेरीत तांबड्या पेशी खाली बसतात, दुसरीत प्लेटलेट्स तळाशी जमतात. वरचं बरंचसं पाणी काढलं की उरतो तो पिवळसर रस, मोजून थोडासाच. प्लेटलेट्समधली द्रव्यं नवी कातडी आणि बारीक रक्तवाहिन्या वाढायला चालना देतात म्हणे.

दंडाला सुई टोचली तेव्हा मी ओरडलो. पायाला कडेकडेनं सात-आठ वेळा टोचली तेव्हा सिस्टरनी विचारलं, "नोवु इदेया, काका?" म्हणजे, दुखतंय का?

"इल्ला," नाही, मी ऐटीत म्हणालो.

डॉक्टर मान वर न करता बोलले, "दुखलं असतं तर बरं झालं असतं."

अशी चार इंजेक्शनं झाली. तीन सेंटिमीटरची जखम चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आली, अकराव्या आठवड्यात बुजली. पीआरपीनं भरली की प्लास्टरनं? मला विचाराल तर मोठा वाटा प्लास्टरचा आणि इन्सुलिनचा. पण अडून बसलेली कड हलली ती इंजेक्शनानंतरच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खर्च मात्र आधी विचारून घ्या. इंजेक्शन वेगळं, प्लास्टर वेगळं, पट्टी वेगळी लावतात.

आता एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची चप्पल घालतो, घरातसुद्धा. रात्री बायको बॅटरी घेऊन तळवे बघते. पाय घालण्याआधी चप्पल उलटी करून आपटतो. परवा तिच्यातून मसुराचा एक दाणा पडला.