सालीवर जाऊ नका, आतला गर बघा

केळ्यात व्हिटॅमिन ए असतं का असं कुणी विचारलं की आपण सरळ नाही म्हणतो, आणि आपल्या बाजारापुरतं ते बरोबरच आहे. जळगावकडून येणारं केळं बहुतेक कॅव्हेंडिश गटातलं, साल पिवळी पण गर पांढुरका, बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) 100 ग्रॅमला जेमतेम 25 मायक्रोग्रॅमच्या आसपास. पण पॅसिफिकमध्ये मायक्रोनेशियात पोनपेई नावाचं बेट आहे, तिथलं कारात नावाचं केळं बघा. त्याचा घड खाली लोंबत नाही, वर तोंड करून ताठ उभा राहतो, आणि सोललं की आत गर्द पिवळा, नारिंगीकडे झुकणारा गर. काही नमुन्यांत 100 ग्रॅमला बीटा कॅरोटीन 2000 मायक्रोग्रॅमच्या वर निघालंय! 12 भाग बीटा कॅरोटीनमागे शरीराला 1 भाग रेटिनॉल, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए, मिळतं असा हिशोब धरला तरी 200 ग्रॅम गरात दोन वर्षांच्या पोराची दिवसाची गरज भागते, सोबत थोडं खोबरं असलं तर अजून चांगलं, कारण फॅट असल्याशिवाय हे नीट अंगी लागत नाही.

तिथल्या आयांना कॅरोटीन वगैरे माहीत नव्हतं पण बाळाला वरचं खाणं सुरू करताना कारातच द्यायची रीत होती. खाल्लं की लघवी पिवळीजर्द होते, ती त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे (व्हिटॅमिन बी2).

आणि याच बेटावर तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त लहान मुलांमध्ये व्हिटॅमिन ए कमी!! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. झालं काय, तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा कारभार आला, मदतीचं धान्य आलं, शाळेच्या जेवणात बाहेरचा तांदूळ, मग मैदा, साखर, डब्यातलं मांस, आणि कारात बाजारात दिसेनासंच झालं. झाडं होती, खाणारे कमी झाले.

लोइस एंगलबर्गर नावाच्या अमेरिकन न्यूट्रिशनिस्टने तिथे राहून घरोघरी विचारलं की पिवळ्या गराची केळी कुठली, नमुने लॅबला पाठवले, आकडे हातात आल्यावर पोस्टर, रेडिओ, शाळा सगळीकडे प्रचार केला. 2005 मध्ये कारात हे पोनपेईचं राज्य-केळं जाहीर झालं आणि ते परत बाजारात विकायला यायला लागलं. 2011 मध्ये त्या वारल्या.

कॅप्सूल आणि सिरपला माझा विरोध नाही, आपल्याकडे 1970 पासून मुलांना व्हिटॅमिन एचा डोस देतात आणि जिथे कमतरता आहे तिथे त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. पण डाएट चार्टवर नुसतं "केळं 1" लिहिलेलं दिसलं की मी चिडते, कुठलं केळं? केरळचं नेंद्रन सुद्धा आपल्या बाजारातल्या केळ्यापेक्षा पिवळं असतं, आणि कारात नि कॅव्हेंडिशमध्ये तर ऐंशी पटीचा फरक पडू शकतो, तेव्हा जात लिहाच.