चौथा भाग द्यावा का?

रविवार, रात्री

हॅरी पॉटर कितव्या वर्षी वाचायला द्यावं, असं कुणी विचारलं की 'कोणता भाग?' असं उलट विचारावं लागतं. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा आहे, सातव्यात सतराचा, आणि त्याच्याबरोबर पुस्तकंही मोठी होत जातात. भाची आता नऊची. तिसरा संपवून चौथ्यासाठी आईच्या मागे लागली आहे, आणि बहिणीने ते माझ्यावर ढकललंय: "ताई, तू सगळे वाचलेस ना, मग तूच सांग."

म्हणून दुपारभर चौथा भाग घेऊन बसले.

हे भाग 1997 ते 2007 असे दहा वर्षं येत राहिले. चौथा 2000 साली आला आणि पाचव्यासाठी वाचकांना तीन वर्षं ताटकळावं लागलं. अकराव्या वर्षी पहिला भाग हातात घेतलेलं पोर शेवटचा येईपर्यंत एकवीस वर्षांचं झालं होतं. आता सातही भाग एका खोक्यात मिळतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा फडशा पडतो. मधलं थांबणं राहूनच जातं. माझी काळजी आहे ती ही.

जादूटोण्याची नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने 2000 ते 2009 या काळातल्या आक्षेपार्ह ठरवलेल्या पुस्तकांची यादी केली, तिच्यात ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. चेटूक शिकवते म्हणे. आमच्या लहानपणी वेताळ शिरलेलं प्रेत खांद्यावर टाकून चालणारा विक्रम 'चांदोबा'त भेटायचा आणि आम्ही ते पान आधी उघडायचो. अश्वत्थाम्याने झोपेत मारलेले द्रौपदीचे मुलगे तर आजीनेच सांगितले, तेही रात्री, अंथरुणात.

तरी चौथ्या भागातलं स्मशान वेगळं आहे. सेड्रिक हा सरळ, गुणी मुलगा तिथे क्षणात मारला जातो. लढताना नाही, कुणाला वाचवताना नाही. नको तिथे उभा होता, एवढंच. पाठोपाठ हात तोडण्याचा प्रसंग येतो, पण तो भाची 'ई' करून पार करील. सेड्रिकचं काही कारण नसताना जाणं तिला सोडणार नाही. आज मलाही ती पानं पटकन उलटता आली नाहीत.

मग शेवटाकडे जे वाचलं त्याने माझं मत पक्कं केलं. सत्र संपताना मुख्याध्यापक डम्बलडोर सगळ्या शाळेला सांगतात की सेड्रिकला व्होल्डेमॉर्टने, म्हणजे मालिकेतल्या खलनायकाने, मारलं. जादूगारांच्या मंत्रालयाला हे सांगितलेलं नको आहे, आणि तुम्ही लहान आहात म्हणून तुमच्यातल्या काहींच्या आईवडिलांनाही ते रुचणार नाही, हेही ते लपवत नाहीत. म्हणजे बहिणीने मला विचारलेला प्रश्न पुस्तकातच विचारलेला आहे आणि उत्तरही दिलेलं आहे! समोर पहिलीदुसरीतली नव्हे, पण अकरा वर्षांची मुलं बसली आहेत, हे मात्र खरं.

ब्रिटनमध्ये सिनेमांचंही असंच झालं. पहिल्या तिघांना पीजी, म्हणजे पालकांनी ठरवून दाखवावा असा शिक्का, चौथ्यापासून 12ए, म्हणजे बाराच्या आतल्यांनी मोठ्यांसोबतच पाहावा असा. पुस्तकावर असा शिक्का नसतो. नसावाच.

मला खटकलं ते निराळंच. हॅरीचा मावसभाऊ डडली लठ्ठ आहे म्हणून लेखिका त्याची जी टिंगल करते ती पहिल्या भागापासून चालू आहे. जादूच्या शाळेतला रखवालदार हॅग्रिड त्याला डुकराची शेपटी लावतो आणि आपण हसायचं. तो दुष्ट आहे, मान्य, पण वाईटपणा आणि पोट यांची सांगड घालायची काय गरज? भाचीच्या वर्गातही एखादं गुटगुटीत पोर असेलच. याबद्दल कुठलाही पालक कधी तक्रार करताना ऐकला नाही. मरण आलं की मात्र सगळे दचकतात.

तर बहिणीला कळवलं: दे. फक्त स्मशानाची प्रकरणं दिवसाउजेडी वाचू दे आणि तेव्हा घरात राहा. समोर बसून प्रश्न विचारू नकोस, ती विचारील तेव्हा टाळू नकोस. डडलीचं मी बोलेन तिच्याशी.

पाचवा मात्र निदान वर्षभर नको. त्यात अम्ब्रिज नावाची शिक्षिका आहे. गुलाबी कपडे, गोड आवाज, आणि शिक्षा म्हणून मुलांना अशा लेखणीने लिहायला लावते की अक्षरं त्यांच्याच हातावर कोरली जातात. व्होल्डेमॉर्ट काही भाचीला भेटणार नाही. अशी बाई शाळेत भेटू शकते, आणि तिच्याविरुद्ध मोठी माणसंही गप्प बसतात, हे कळायला अजून थोडं वय हवं.

बहिणीचं उत्तर आत्ता आलं: "पाचवा तिच्या मैत्रिणीकडे आहे. उद्या आणणार म्हणतेय."

म्हणजे मलाही तो पुन्हा काढायला हवा. 766 पानं आहेत, आणि ती माझ्यापेक्षा भरभर वाचते.